पहाटे धावणारी मुलं अकराच्या तासाला कुठे जातात?

दरवर्षी जानेवारीत, युवा सप्ताहाच्या आगेमागे, आमच्या भागातल्या बऱ्याच महाविद्यालयांत एक ‘प्रेरणादायी व्याख्यान’ होतं. जॅकेट घातलेला वक्ता येतो, मुलांना उभं करतो, टाळ्या वाजवायला लावतो, मग डोळे मिटून आईला आठवायला सांगतो. पुढच्या रांगेतल्या दोन-चार मुली रडतात. आभार, चहा-नाश्ता, फोटो आणि नॅकच्या फायलीत अहवाल. दुसऱ्या दिवशी अकराच्या तासाला मुलं तेवढीच, जेवढी आदल्या आठवड्यात होती. मग स्टाफरूममध्ये कुणीतरी ठरलेलं वाक्य टाकतं, ‘‘या पोरांना मोटिव्हेशनच नाही हो!’’

मी चाळीसगावात भूगोल शिकवते. हे वाक्य मला पटत नाही. ज्यांना पटतं त्यांनी एकदा पहाटे पाचला मैदानावर यावं. पोलीस भरतीची शारीरिक चाचणी पन्नास गुणांची असते : मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक. त्या पन्नास गुणांसाठी थंडीत, अंधारात, मोबाइलच्या टॉर्चवर मुलं-मुली धावत असतात. ओळखीचे चेहरे असतात. आमच्या हजेरीपटावर डिफॉल्टर म्हणून ज्यांची नावं लाल शाईत आहेत, त्यातली निम्मी तिथे सापडतील. कुणी मेहुणबाऱ्याहून मोटरसायकलवर तिघं बसून आलेलं असतं, कुणी डेअरीवर दूध घालून थेट मैदानावर.

नोकरीसाठी धावतात, त्यात काय विशेष, असं कुणी म्हणेल. पण जागा किती आणि धावणारे किती, हे त्यांना आपल्यापेक्षा नेमकं ठाऊक आहे. तरी ती येतात, कारण तिथे काही गोष्टी जुळून आलेल्या असतात. काल किती वेळ लागला आणि आज किती, हे घड्याळ तिथल्या तिथे सांगतं. सोबत कुणीतरी धावत असतं; तो दमला तर हा थांबतो, हा मागे पडला तर तो शिव्या घालतो. कशासाठी चाललंय ते दोघांनाही माहीत असतं. आणि तुझी बोली कुठली, तांडा कुठला, बाप काय करतो, हे १६०० मीटरच्या रेषेवर कुणी विचारत नाही.

रेमंड व्लोडकोव्स्की आणि मार्जरी गिन्सबर्ग या दोन अमेरिकी अभ्यासकांनी १९९५मध्ये विविध संस्कृतींतल्या विद्यार्थ्यांना शिकवण्यावर एक पुस्तक लिहिलं. त्यांच्या मांडणीत चार गोष्टी आहेत : वर्गात आपल्याला मोजलं जातं असं वाटणं, शिकण्यात आपली काही निवड असणं, समोरचं काम अर्थपूर्ण आणि कस लावणारं असणं, आणि आपल्याला हे जमतंय याचा पुरावा मिळणं. निवड सोडली तर बाकीचं सगळं पहाटेच्या मैदानावर आहे. आमच्या वर्गात यातलं काय आहे, याचा हिशेब मांडायची वेळ आली आहे. अभ्यासक्रमाची मांडणी बदलत नाही तोवर मुलांच्या प्रेरणेबद्दल बोलायचा आपल्याला अधिकार नाही, असं माझं म्हणणं आहे.

‘बहुसांस्कृतिक वर्ग’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पुण्यात शिकणारे इराणी, आफ्रिकी विद्यार्थी येतात. चाळीसगावच्या एफ.वाय.बी.ए.चा वर्ग कुणाच्या मनात येत नाही. मेहुणबारे-पिलखोडकडची मुलं घरी अहिराणी बोलतात. अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी असलेल्या तांड्यांवरून येणारी मुलं गोरमाटी बोलतात. भिल्ल वस्त्यांची बोली वेगळी. गावातल्या मुस्लीम घरांत उर्दू, बाजारपेठेतल्या घरांत मारवाडी, गुजराती, सिंधी, रेल्वे कॉलनीत हिंदी. २०११च्या जनगणनेत आपली भाषा खानदेशी म्हणून नोंदवणारे अठरा लाखांहून अधिक लोक होते. म्हणजे पुस्तकातली मराठी ही वर्गातल्या बहुतेकांसाठी शाळेत मिळालेली, परीक्षेपुरती अंगावर चढवलेली भाषा आहे. माझी स्वतःची मराठी साताऱ्याची. मी ‘इकडं-तिकडं’ म्हटलं की मुलं गालात हसतात आणि मीही हसते. पण माझं हसं झाल्यानं माझे गुण जात नाहीत. त्यांच्या उत्तरात ‘आहे’च्या जागी अहिराणीतला ‘शे’ आला तर जातात, निदान जातील अशी धास्ती त्यांना असते. मग ती उत्तरच लिहीत नाहीत. गाइडातलं पाठ करून उतरवतात, कारण गाइडातलं वाक्य कुणाच्याच बोलीतलं नसतं, म्हणून सुरक्षित असतं.

वेगळेपण भाषेवर संपत नाही. प्रत्येकाचं वर्ष वेगळ्या महिन्यात सुरू होतं. कापूसवेचणी आली की एका गटाची हजेरी पडते, गळीत हंगाम सुरू झाला की दुसऱ्याची, रमजानात तिसऱ्याची, लग्नसराईत बँडवाल्यांची. विद्यापीठाचं वेळापत्रक मात्र यांतलं काहीच न करणाऱ्या मुलासाठी आखलेलं आहे. तो मुलगा आमच्या वर्गात मला अजून भेटलेला नाही.

आता अभ्यासक्रमाकडे येते. एक उदाहरण पुरेल. मानवी भूगोलात ‘स्थलांतर’ हा घटक असतो. त्यात रॅव्हनस्टाईनचे नियम येतात. या गृहस्थांनी ब्रिटनच्या जनगणनेवरून १८८५मध्ये ते मांडले : बहुतेक लोक जवळच्या अंतरावर स्थलांतर करतात, लांब जाणारे मोठ्या शहरांकडे जातात, स्थलांतर टप्प्याटप्प्यानं होतं, प्रत्येक प्रवाहाला उलटा प्रवाह असतो, देशाच्या आत बायका जास्त हलतात, तर देशाबाहेर जाण्याचं धाडस पुरुष जास्त करतात. पुढे १९६६मध्ये एव्हरेट ली यांनी सांगितलेले ओढीचे आणि रेट्याचे घटक येतात. मग ‘कारणे’, मग ‘परिणाम’. गाइडात पाच कारणं आणि पाच परिणाम ठळक अक्षरांत. प्रश्नही ठरलेला : स्थलांतराची कारणे व परिणाम स्पष्ट करा.

हा घटक मी ज्या वर्गात शिकवते, त्यातल्या काही मुलांचे आईबाप त्या क्षणी सांगली-कोल्हापूरकडे किंवा बेळगाव भागात ऊस तोडत असतात. काही मुलं स्वतः दोन हंगाम जाऊन आलेली असतात. त्यांना हंगामाआधी मिळणारी उचल म्हणजे काय ते माहीत आहे, मुकादम कसा ठरतो, टोळी कशी बांधली जाते, ट्रकमध्ये कोण कुठे बसतं, घरी म्हाताऱ्यांजवळ कुठलं भावंड ठेवायचं हे माहीत आहे. आणि हीच मुलं शेवटच्या बाकावर बसून ‘रेट्याचे घटक : दुष्काळ, बेरोजगारी, गरिबी’ असं उतरवून घेतात. आपण जे जगतो आणि वर्गात जे शिकवतात, त्यांचा काही संबंध असेल असं त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. त्यात वर्गभर कळू द्यायचं नसतं की आपले आईबाप ‘रेट्या’त मोडतात.

एका वर्षी मी प्रश्न उलटा टाकला. तीन-चार जणांचे गट केले, प्रत्येक गटात वेगवेगळ्या वस्तीतली मुलं येतील असे. प्रत्येक गटाला रॅव्हनस्टाईनचा एकेक नियम दिला आणि सांगितलं, हा माणूस खरं बोलतोय का ते तुमच्या ओळखीच्या माणसांवर तपासून दाखवा. खोटा ठरला तर का ठरला ते लिहा, खरा ठरला तरी का ते लिहा. गाइडात याचं उत्तर नव्हतं, आणि हा प्रश्न ‘कारणे व परिणाम’पेक्षा पुष्कळ अवघड होता.

‘जवळच्या अंतराचा’ नियम पहिल्याच दिवशी अडखळला. तांड्यावरची माणसं शेकडो किलोमीटर जातात. का जातात, यावर गटात भांडण झालं. एक म्हणाला, इथला बेलगंगा कारखाना कित्येक वर्षं बंद होता, नाहीतर कशाला गेले असते? दुसरा म्हणाला, कारखाना चालू असतानाही जायचेच, कारण उचल तिकडचा मुकादम देतो. तिसऱ्याचे वडील ट्रकवर चालक. त्यानं कृष्णेच्या खोऱ्यात ऊस का आणि इथे कापूस का, ते पाण्यावरून सांगायला सुरुवात केली. मी वर्षभर जे शिकवायचा प्रयत्न करत होते, ते तो बापाच्या ट्रकच्या फेऱ्यांवरून सांगत होता. टप्प्याटप्प्यानं स्थलांतराचा नियम मात्र टिकला. एका मुलीचं अख्खं आजोळ गावातून चाळीसगावला, तिथून नाशिकला आणि मग चाकणला सरकलं होतं. उलट्या प्रवाहाचा नियमही टिकला. आपल्याकडून माणसं जातात, तशी सातपुड्यातून पावरा कुटुंबं खानदेशच्या शेतांवर सालदारकीला येतात, हे मुलांनीच शोधलं.

बायकांच्या नियमापाशी मात्र गाडी अडकली. एरवी शेवटच्या बाकावर असणारा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, ‘‘मॅडम, रॅव्हनस्टाईनला कोयता माहीत नव्हता.’’ ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल जोडीला मिळते, एकट्याला नाही. बाई इथे घरकामाच्या नोकरीसाठी शेजारच्या शहरात जात नाही, ती जोडीचा अर्धा भाग म्हणून तीन जिल्हे ओलांडते. १८८५च्या इंग्लंडमधल्या नियमात हे बसत नाही. सिद्धान्त म्हणजे पोथी नव्हे, तो तपासायचा असतो, ही गोष्ट पदव्युत्तर वर्गातही अनेकांच्या गळी उतरत नाही. त्या मुलानं ती एका वाक्यात सांगितली.

त्या घटकापुरता वर्ग भरला. पुढे सत्राची परीक्षा आली. पेपरात प्रश्न काय होता? स्थलांतराची कारणे व परिणाम स्पष्ट करा. कोयत्याबद्दल जे कळलं ते लिहायला तिथे जागा नव्हती, आणि त्या मुलाकडे तेवढं कळण्याइतपत हुशारी होती. त्यानं गाइडातली पाच कारणं लिहिली. शिक्षकानं वर्गात कितीही डोकं लढवलं तरी गुण जिथे आहेत तिथेच मुलं जाणार. अभ्यासक्रमाच्या मांडणीत उद्दिष्टं, तासिका आणि संदर्भग्रंथ असतात. पण मुलांच्या दृष्टीनं खरा अभ्यासक्रम एकच असतो, मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका.

इथे हमखास एक सूचना येते : मुलं कच्ची आहेत, तर त्यांच्यासाठी सोपं करा, जादा तास घ्या. ही सूचना मायेपोटी येते, म्हणून जास्त घातक आहे. कॅलिफोर्नियात बर्कलीच्या विद्यापीठात १९७०च्या दशकात युरी ट्राईसमन नावाच्या तरुण गणित-अध्यापकाला असाच प्रश्न पडला होता. कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या संख्येनं नापास होत. कारण काय, असं त्यानं सहकाऱ्यांना विचारलं. उत्तरं ओळखीची होती : प्रेरणा कमी, पाया कच्चा, घरचं पाठबळ नाही, गरिबी. ट्राईसमननं वीस कृष्णवर्णीय आणि वीस चिनी वंशाचे विद्यार्थी घेतले आणि ते अभ्यास कसा करतात हे त्यांच्या मागे फिरून पाहिलं. चारही कारणं टिकली नाहीत. घरच्यांनी पोटाला चिमटा घेऊन शिकवलेली, शाळेत पहिली आलेली ती मुलं होती. फरक एवढाच होता की कृष्णवर्णीय विद्यार्थी खोलीत एकटे बसून अभ्यास करत. चिनी मुलं रात्री एकत्र बसून गणितावर भांडत, एकमेकांची उत्तरं तपासत. ट्राईसमननं जादा तास लावले नाहीत. त्यानं मुलांना सन्मानानं बोलावलं, गटात बसवलं आणि नेहमीपेक्षा अवघड गणितं दिली. निकाल पालटले आणि ती पद्धत पुढे अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांत गेली.

आमच्या मैदानावरच्या मुलांना ट्राईसमन वाचायची गरज नाही. जोडीदाराशिवाय १६०० मीटरचा वेळ खाली येत नाही, हे त्यांना कळलेलं आहे. वर्गात मात्र आपण त्यांना एकेकटं बसवतो, सोप्यात सोप्या नोट्स देतो, आणि वर विचारतो, रस का घेत नाही? सोपी नोट हातात देणं म्हणजे ‘तुझ्याकडून याहून जास्त होणार नाही’ असं न बोलता सांगणं आहे. मुलांना ते ऐकू येतं.

भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ १९६३ची. खानदेशातला पांडुरंग सांगवीकर पुण्याच्या कॉलेजात जातो आणि शेवटी पदवी न घेता गावी परततो. घरी पैसा होता, बुद्धी होती, वाचन होतं. तरी सगळं हातातून निसटत गेलं. आपण साठ वर्षं ती कादंबरी तरुणाच्या परात्मतेची म्हणून शिकवतो. त्या कॉलेजात जे शिकवलं जात होतं, त्याचा सांगवीशी काय संबंध होता, हा प्रश्न अभ्यास मंडळाच्या बैठकीत कुणी विचारल्याचं मला माहीत नाही. त्या वेळी आमची महाविद्यालयं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. १५ ऑगस्ट १९९०ला जळगावात वेगळं विद्यापीठ आलं. आपला अभ्यासक्रम आता आपल्या मातीतून उगवेल, ही त्यातली एक आशा होती. पत्ता बदलला, गाइडं छापणारे बदलले. प्रश्नपत्रिकेचा सूर फारसा बदलला नाही.

नव्या शैक्षणिक धोरणानं ‘भारतीय ज्ञान प्रणाली’ सगळ्यांना सक्तीची केली आहे. संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५पासून ती आली. शिकवताना ती बहुतेकदा गौरवांची यादी होते : शून्य आपलं, आयुर्वेद आपला. चाळीसगावपासून वीस किलोमीटरच्या आत पाटणादेवीचं जंगल आहे. तिथल्या पाटणच्या शिलालेखाकडे विद्वानांचं लक्ष डॉ. भाऊ दाजी लाड यांनी वेधलं. तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा हा लेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला आणि निकुंभ घराण्याच्या स्थानिक राजांनी त्याला दान दिलं, अशी त्यात नोंद आहे. म्हणजे ठरलेला अभ्यासक्रम, शिकवायची जागा आणि पगाराची सोय, हे तिन्ही असलेली संस्था आमच्या तालुक्यात आठशे वर्षांपूर्वी होती. लेखाचा मुख्य भाग संस्कृतात आहे, पण मठाला कुणी काय द्यायचं तो तपशील त्या काळच्या मराठीत आहे, कारण तो बाजारातल्या माणसाला कळायला हवा होता. भास्कराचार्यांचं जन्मगाव हेच की दुसरं, यावर वाद घालण्यापेक्षा हे मला जास्त मोलाचं वाटतं.

आणि तिथे शिकवल्या जाणाऱ्या ‘लीलावती’ची रचना पाहा. ११५०च्या सुमाराचं गणिताचं पुस्तक. त्यातली उदाहरणं फुलांवर बसलेल्या भुंग्यांची, वाऱ्यानं मोडलेल्या बांबूची, खांबावरच्या मोराची आणि बिळाकडे पळणाऱ्या सापाची, तळ्यात कललेल्या कमळाची आहेत. कमळाचं गणित सोपं नाही. काटकोन त्रिकोणाचा नियम वापरल्याशिवाय ते सुटत नाही. भास्कराचार्यांनी जवळचं उदाहरण घेतलं, पण गणित हलकं केलं नाही. ज्ञान प्रणालीच्या तासाला गौरव सांगण्याऐवजी मुलांना पाटणला नेऊन तो लेख दाखवावा आणि कमळाचं गणित सोडवायला द्यावं. श्रेयांक तेवढेच लागतील.

‘जवळचं शिकवा’ याचा एक अर्थ मात्र धोक्याचा आहे, आणि तो मला एका विद्यार्थिनीनं दाखवला. भिल्ल वस्तीतून येणारी, हुशार मुलगी. सत्र-निबंधासाठी मी विषय वाटत होते. तिला मी तिच्या वस्तीच्या पाण्याचा विषय सुचवला. ती म्हणाली, ‘‘मॅडम, पाण्याचं मी रोजच बघते. मला जपानच्या भूकंपावर लिहायचं आहे.’’ तिनं ते लिहिलं, आणि चांगलं लिहिलं. तांड्यावरच्या मुलानं कायम ऊसतोडीवर, भिल्ल मुलीनं कायम वस्तीवर आणि मुस्लीम मुलानं कायम मोहल्ल्यावर लिहावं अशी सोय करणं म्हणजे त्यांना वर्गात आणून पुन्हा घरी बसवणं आहे. शिवाय आपली गरिबी वर्गासमोर मांडण्याची सक्ती कुणावरही नको. रॅव्हनस्टाईनचा प्रयोग मी गटात केला त्याचं हेही एक कारण होतं. कुणाचा अनुभव कुणी आणला हे बाहेरच्याला कळत नव्हतं. अभ्यासक्रमात जवळचा आणि लांबचा, दोन्ही प्रश्न शेजारी शेजारी हवेत. निवड मुलाची हवी. बापानं ऊस तोडला हे ज्ञान आहे, पण ते सांगायचं की नाही हा त्याचा अधिकार आहे.

भाषेचंही तसंच. ज्यांच्या नावानं २०१८पासून आमचं विद्यापीठ ओळखलं जातं, त्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी इतरांनी टिपून ठेवली म्हणून राहिली आणि त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२मध्ये, पुस्तकात आली. बोलून दाखवलेलं ज्ञान हे ज्ञान असतं, ही गोष्ट निदान या विद्यापीठाला कुणी समजावून सांगायला नको. अंतर्गत मूल्यमापनात तोंडी उत्तराला लेखी उत्तराइतकं वजन द्या. ते उत्तर अहिराणीत, गोरमाटीत, हिंदीत आलं तरी चालेल असं लेखी परिपत्रक काढा. अंतिम परीक्षा प्रमाण मराठीतच असू द्या, ती भाषा मुलांना यायलाच हवी, तिच्यावाचून सरकारी नोकरीत एक अर्जही लिहिता येत नाही. पण विचार करायच्या टप्प्यावर भाषेचं फाटक लावलं तर विचार बाहेरच थांबतो.

हे काही नवं मागणं नाही. १८८२मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा फुले यांनी सांगितलं होतं की खेड्यातल्या शाळांचा अभ्यासक्रम शहरी शाळांपेक्षा आटोपशीर असला तरी कमी व्यवहारोपयोगी नको. त्यात मोडी-बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण यांच्या जोडीला शेतीचं आणि आरोग्याचं प्राथमिक ज्ञान हवं. आणि शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून घडवलेले हवेत, वेळ आली तर नांगर धरू शकणारे. त्या मागणीला येत्या काही वर्षांत दीडशे वर्षं होतील.

आता नव्या शैक्षणिक धोरणानं दिलेल्या संधीबद्दल. ‘क्षेत्र प्रकल्प’ नावाचे श्रेयांक आले आहेत. प्रत्यक्षात काय होतं? झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रकल्प मिळतो, नाव बदलून स्पायरल बाइंडिंग होतं, तोंडी परीक्षेत ‘मोठा झालास की काय होणार?’ असं विचारून गुण दिले जातात. ऑगस्ट २०२१च्या अखेरीस तितूर आणि डोंगरी नद्यांना पूर आला, चाळीसगावात आणि आसपासच्या गावांत पाणी शिरलं, कन्नड घाटात दरडी कोसळल्या. आमच्या प्रात्यक्षिकाच्या खोलीत डंपी लेव्हल असते, आणि ती वर्षानुवर्षं कॉलेजच्या त्याच मैदानाची तीच उंची मोजते. ती तितूरकाठी न्यायचा विषय निघाला तेव्हा पूर आलेल्या वस्तीतला एक मुलगा म्हणाला, ‘‘पानी कथाईन उनं ते मी दखाडस, मॅडम.’’ पाणी कुठून आलं ते तो दाखवणार होता. त्यानं दाखवलंही : भिंतीवरच्या पाण्याच्या खुणा, पुलाच्या मोऱ्यांत अडकलेला कचरा, पात्रात आलेली बांधकामं. उंची मोजायला, आडवा छेद काढायला इतरांनी त्याला मदत केली. त्यातून जो नकाशा तयार झाला तो कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात मिळणार नाही, आणि त्या मुलाला डंपी लेव्हल आयुष्यभर विसरता येणार नाही.

वेळापत्रकाचा प्रश्नही तेवढाच खरा आहे. गळीत हंगाम दिवाळीच्या सुमाराला सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. आमचं दुसरं सत्र नेमकं याच काळातलं. म्हणजे टोळीबरोबर गेलेल्या मुलासाठी अर्धं वर्ष जन्मतःच बुडालेलं. पंचाहत्तर टक्के हजेरीचा नियम त्याला शिस्त लावत नाही, फक्त बाहेर काढतो. श्रेयांक साठवायची बँक केंद्र सरकारनं काढली. प्रत्येक मुलाचं खातं उघडून घेताना आम्ही वर्गावर्गांत फिरलो. त्या व्यवस्थेचा खरा उपयोग करायचा तर दुसऱ्या सत्राचे काही विषय मे-जूनमध्ये सलग दोन-तीन आठवडे शिकवून त्यांची परीक्षा घेता यायला हवी, नापासांची पुरवणी म्हणून नाही, तर इतर परीक्षांच्या बरोबरीची म्हणून. उसाच्या फडावरच्या कोपीत राहून, दिवसभर ऊस तोडून मुलगा रात्री मोबाइलवर ऑनलाइन तास करेल, अशी कल्पना कृपा करून कुणी मांडू नये.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला : दर्जा घसरेल. मी वर जे मागितलं ते सगळं सध्याच्या पेपरपेक्षा अवघड आहे. नियम तपासायला लावणारा प्रश्न गाइडातून सुटत नाही. घसरगुंडी असलीच तर ती आत्ताच्या प्रश्नपत्रिकेत आहे. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे : हे करणार कोण? अनेक विभागांत निम्मे सहकारी तासिका तत्त्वावर आहेत. त्यांना शिकवलेल्या तासाचे पैसे मिळतात, प्रश्न तयार करायचे, गट बांधायचे, नदीकाठी जायचे नाहीत. त्यांच्याकडून नव्या मांडणीची अपेक्षा करायची तर क्षेत्रभेटीचा आणि तयारीचा वेळ तासिकेत धरावा लागेल. हे पैशाचं काम आहे आणि ते सरकारचं आहे. शिक्षकाच्या तळमळीवर ते ढकलू नये.

अभ्यास मंडळांकडे माझी मागणी साधी आहे. प्रत्येक पेपरातला एक घटक महाविद्यालयाला मोकळा द्या. तो कसा शिकवायचा ते तिथला शिक्षक ठरवेल. पण त्याचे गुण विद्यापीठाच्या लेखी परीक्षेत असतील, असा प्रश्न काढून, ज्याचं उत्तर पाठांतरानं देता येणार नाही आणि ज्यात जवळचा किंवा लांबचा विषय निवडायची मुभा असेल. मंडळावर तासिका तत्त्वावरचा एक शिक्षक आणि नुकताच पदवी घेतलेला एक विद्यार्थी घ्या. अभ्यासक्रम मंजूर करताना एकच प्रश्न विचारा : चाळीसगावच्या, चोपड्याच्या, शहाद्याच्या वर्गात बसलेल्या मुलाला आधीच काय माहीत आहे, आणि हा अभ्यासक्रम त्याला तिथून पुढे कुठे नेतो?

आमच्या वर्गातली बहुतेक मुलं भूगोलाचे प्राध्यापक होणार नाहीत. कुणी पोलीस होईल, कुणी तलाठी, कुणी ग्रामसेवक, कुणी सरपंच, एखादा मुकादमही होईल. उचल किती द्यायची, तांड्यावरच्या पोरांची शाळा हंगामात कशी चालवायची, तितूरच्या पात्रात बांधकामाला ना-हरकत द्यायची की नाही, हे निर्णय यांतल्याच कुणाच्या तरी सहीनं होणार आहेत. त्या सहीआधी कागद तपासून पाहायची सवय त्यांना लागायला हवी, आणि ती लावायला आमच्याकडे त्यांची तीनच वर्षं असतात.